मॉडेल रेल्वेचा स्केल कसा निवडावा? मराठवाड्याच्या तीन गेजांवरून समजून घेऊ

लातूरहून भाच्याचा फोन आला. पहिली नोकरी, हातात चार पैसे, आणि शाळेत असल्यापासून मनात धरून ठेवलेली मॉडेल रेल्वे. "मामा, एचओ घेऊ का एन? दोन दिवस झालं वाचायलोय, डोकं फिरलं नुसतं." मी म्हटलं, "ते नंतर बघू. गाडी कोणती चालवायची हाय तुला?" थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "गाडी म्हणजे... रेल्वे."

या छंदात नव्यानं येणारा जवळजवळ प्रत्येक जण इथं अडकतो. आधी स्केल ठरवतो (एचओ, एन ही स्केलांचीच नावं), गाडीचा विचार मागाहून करतो. माझं बालपण पूर्णा जंक्शनच्या रेल्वे क्वार्टरात गेलं, वडील लोको शेडमध्ये होते. गेली वीसेक वर्षं परभणीतल्या घराच्या एका खोलीत मी ही लहान रेल्वे बांधतोय. एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट पटली आहे: कुठली गाडी, कुठल्या काळातली, हे पक्कं झालं की स्केलचा निम्मा प्रश्न सुटतो. उरलेला निम्मा आपली खोली सोडवते. त्यात मराठवाड्यानं भारतीय रेल्वेची तिन्ही मोठी गेजं, म्हणजे दोन रुळांमधली अंतरं, पाहिली आहेत. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइटची, म्हणजे जुन्या कुर्डुवाडी-लातूर रेल्वेची, नॅरोगेज. हे तीन आकडे हाताशी असले की स्केल आपोआप कळायला लागतो.

स्केल वेगळा, गेज वेगळं

दिवाळीत पोरं किल्ला करतात. त्यावर बाजारातला मावळा उभा करतात आणि तो दरवाज्यापेक्षा उंच निघतो. शेजारी ठेवलेली गाय तटबंदीला टेकते. प्रत्येक वस्तू आपापल्या जागी चांगली असते, पण सगळ्यांचं प्रमाण एक नसतं. स्केल म्हणजे हेच प्रमाण. १:८७ म्हणजे खऱ्या वस्तूचे ८७ भाग केले, त्यातला एक भाग आपल्या टेबलावर. इंजिन, स्टेशन, कडुनिंबाचं झाड, फलाटावरचा हमाल, सगळं त्याच एका आकड्यानं भागायचं. साडेपाच फुटी माणूस १:८७ मध्ये १९ मिलिमीटरचा होतो, १:१६० मध्ये जेमतेम साडेदहाचा.

गेज ही वेगळी बाब. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर म्हणजे गेज. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, मीटरगेज नावाप्रमाणे १०००, आणि बार्शी लाइट ७६२, म्हणजे अडीच फूट.

मॉडेलच्या दुनियेत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात आणि तिथून गोंधळ सुरू होतो. दुकानात मिळणारा १६.५ मिलिमीटर गेजचा रूळ घ्या. त्यावर १:८७ चं एचओ चालतं, १:७६ चं ब्रिटिश ओओ चालतं, आणि १:४८ ची नॅरोगेज गाडीसुद्धा चालते. रूळ तोच, पण वर बसलेली गाडी तीन वेगळ्या प्रमाणांची. त्यामुळे "रूळ बसतोय ना, मग चालेल" म्हणून ओओचं स्टेशन आणि एचओची गाडी एकत्र मांडली, की दिवाळीच्या मावळ्यासारखी गत होते.

हे विचित्र आकडे आले कुठून

८७ हा काही सरळ आकडा नाही. शंभर का नाही, ऐंशी का नाही? उत्तर फुटात आहे. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. ब्रिटनमध्ये ओ स्केल एका फुटाला ७ मिलिमीटर धरून करत, ते प्रमाण १:४३.५ पडतं. त्याचं निम्मं, म्हणजे फुटाला साडेतीन मिलिमीटर, धरलं की १:८७. म्हणून नावही 'हाफ ओ', तेच एचओ. जगातल्या स्टँडर्ड गेजचे १४३५ मिलिमीटर ८७ नं भागले की बरोबर १६.५ येतात. पुणे मेट्रोचा मार्ग याच स्टँडर्ड गेजचा आहे, तेव्हा एचओचा रूळ पुणे मेट्रोला मिलिमीटरभरही फरक न पडता जमतो.

ब्रिटिश ओओची गोष्ट मला फार आवडते, कारण तीत कारागिराची अडचण दिसते. ब्रिटनची खरी इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगानं बारीक. त्या काळच्या मोटारी एचओच्या सांगाड्यात मावेनात. तेव्हा त्यांनी वरची गाडी फुटाला ४ मिलिमीटर अशी थोडी फुगवली, १:७६.२ केली, आणि रूळ मात्र १६.५ चाच ठेवला. १९३८ साली आलेली हॉर्नबी डब्लो ही तयार मॉडेल रेल्वे याच मापाची. ती तडजोड आजही तशीच चालू आहे. ब्रिटनमधले लाखो छंदिष्ट खऱ्यापेक्षा अरुंद रुळावर आनंदानं गाड्या चालवतात. हे लक्षात ठेवा, पुढं आपल्याला याचा आधार लागणार आहे.

बाकीचे झटकन सांगतो. एन म्हणजे ९ मिलिमीटरचा रूळ, नऊसाठीच्या इंग्रजी-जर्मन शब्दांचं पहिलं अक्षर, प्रमाण १:१६०. टीटी म्हणजे 'टेबल टॉप', १:१२०, रूळ १२ मिलिमीटर. झेड जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीनं १९७२ साली आणला, १:२२०, रूळ साडेसहा मिलिमीटर. त्याहून लहान कुणी करणार नाही अशा समजुतीनं शेवटचं अक्षर. ओ स्केल मोठा, रूळ ३२ मिलिमीटर, प्रमाण देशागणिक बदलतं. जी त्याहून मोठा, अंगणातला. त्याच्याकडे सावकाश येऊ.

ब्रॉडगेजवाल्यांनी एक गोष्ट आधीच मान्य करावी

देवगिरी, तपोवन, सचखंड या आपल्या रोजच्या गाड्या ब्रॉडगेजवर धावतात. भाच्याच्या डोळ्यापुढं नकळत त्याच होत्या. आता भागाकार करू. १६७६ भागिले ८७ म्हणजे साधारण सव्वाएकोणीस मिलिमीटर. बाजारातला एचओ रूळ १६.५ चा. म्हणजे आपली गाडी १:८७ मध्ये बरोबर केली, तरी खालचा रूळ पावणेतीन मिलिमीटरनं अरुंद पडतो. एनमध्येही तसंच: हवेत साडेदहा, मिळतात नऊ. तयार रुळांपैकी एकही भारतीय ब्रॉडगेजला हुबेहूब बसत नाही.

पहिल्यांदा हे कळतं तेव्हा मन खट्टू होतं. माझंही झालं होतं. पण स्पेनचं बघा. त्यांचं गेज १६६८ मिलिमीटर, जवळजवळ आपल्याएवढं, आणि तिथल्या कंपन्या पिढ्यान्‌पिढ्या स्पॅनिश गाड्या एचओमध्ये १६.५ च्या रुळावरच विकतात. बाजूनं बघताना फरक दिसत नाही. इंजिनाच्या अगदी समोर डोळा लावला तरच चाकं आत ओढल्यासारखी वाटतात. हातानं रूळ ठोकून सव्वाएकोणीसचं गेज करणं शक्य आहे. पण मग प्रत्येक इंजिनाची, प्रत्येक डब्याची चाकं बदला, गाडीचा रूळ बदलणारा प्रत्येक सांधा स्वतः बनवा. पहिल्या मांडणीसाठी मी हे कुणालाही सुचवणार नाही. ब्रॉडगेज आवडत असेल तर पावणेतीन मिलिमीटर सोडून द्या आणि पुढं चला. भारतीय इंजिनं-डबे लहान प्रमाणावर बनवणारे जे थोडे लोक आहेत, ते बहुतांश एचओच धरून बनवतात, हाही व्यवहाराचा मुद्दा आहे.

खोली काय म्हणते

आता खरी कसोटी. लोक डब्याची लांबी बघून स्केल निवडतात. मी म्हणतो, वळण बघा. सरळ रूळ कुठंही मावतो, खोली खातं ते वळण.

एलएचबी, म्हणजे आजच्या एक्स्प्रेसचा नवा लांब डबा, साडेतेवीस मीटरचा. एचओमध्ये तो २७ सेंटिमीटर होतो, शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा बोटभर कमी. एनमध्ये १४.७ सेंटिमीटर, कंपासपेटीतली लहान पट्टी. झेडमध्ये १०.७. जीमध्ये हाच डबा एक मीटरच्या वर जातो.

मॉडेल रेल्वेवाल्यांमध्ये एक ढोबळ हिशोब चालतो. सगळ्यात लांब डब्याची लांबी घ्या. वळणाची त्रिज्या तिच्या दुप्पट असेल तर गाडी कशीबशी वळते, तिप्पट असेल तर डोळ्याला बरी दिसते. एलएचबीला एचओमध्ये तिप्पट म्हणजे ८१ सेंटिमीटर त्रिज्या. पूर्ण वळसा घ्यायचा तर व्यास १६२, आणि कडेला डबा बाहेर झुकतो त्यासाठी थोडी जागा सोडली की पावणेसहा फूट रुंदी लागते. आपल्याकडे प्लायवूडची शीट मिळते आठ बाय चार फुटांची. चार फुटांत कडा सोडून जास्तीत जास्त ५६ सेंटिमीटरचं वळण बसतं, म्हणजे जेमतेम दुप्पट. एनमध्ये तिप्पट धरलं तरी ४४ सेंटिमीटरच लागतात, आणि मीटरभर रुंदीत वळसा आरामात पूर्ण होतो.

माझा पहिला धडा इथलाच. सुरुवातीच्या संचाबरोबर ३६ सेंटिमीटर त्रिज्येचे वळणाचे तुकडे आले होते. ते लहान युरोपीय डब्यांसाठी ठीक असतात. मी हौसेनं त्यावर लांब डबे लावले. प्रत्येक वळणावर मधला डबा आतल्या बाजूला ओढला जाऊन घसरायचा. महिनाभर मी चाकं तपासली, वजन वाढवलं, कपलिंगं बदलली. दोष कशातच नव्हता. फूटपट्टीएवढ्या डब्याला मी ताटाएवढ्या वळणावर फिरवत होतो.

खऱ्या रेल्वेशी ताडून बघितलं तर आपली सगळीच वळणं फार तीव्र असतात. ब्रॉडगेजवर चालणारं सर्वांत तीव्र वळण दहा अंशांचं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचं. ते ८७ नं भागलं तरी दोन मीटर येतात. चार मीटर व्यासाची रिकामी खोली कुणाच्या घरात आहे? म्हणून वळण डोंगरामागं, बोगद्यात, नाहीतर झाडीच्या आड लपवतात आणि समोर सरळ भाग ठेवतात.

गाडीच्या लांबीचंही तसंच. २२ डब्यांची एक्स्प्रेस इंजिनासकट साडेपाचशे मीटरच्या घरात जाते. एचओमध्ये ६.३ मीटर, एनमध्ये साडेतीन मीटर. दहा फुटी खोली तीन मीटरची, तिथं एनमधलीसुद्धा पूर्ण गाडी मावत नाही. सगळे सहा-सात डब्यांवर भागवतात. सहा डबे आणि एक डब्ल्यूएपी-७ विजेचं इंजिन एचओमध्ये १.९ मीटर, एनमध्ये एक मीटर. फलाट तेवढा लांब हवा, फलाटाच्या दोन्ही टोकांना सांधे हवेत, मग वळण. हे सगळं कागदावर जोडलं की दहा बाय दहाच्या खोलीत लांब डब्यांच्या एक्स्प्रेससाठी एन का बरा पडतो, हे न सांगता कळतं.

पण इथंच गाडी बदलून बघा. कोळशाची बॉक्स-एन वाघीण (हे वाघिणीचं नाव, एन स्केल नव्हे) पावणेअकरा मीटरची, एचओमध्ये फक्त १२.३ सेंटिमीटर. तिची तिप्पट ३७ सेंटिमीटर. ओढायला डब्ल्यूडीएम-३ए डिझेल इंजिन, ते एचओमध्ये पावणेवीस सेंटिमीटरचं, दुपटीनं ४० सेंटिमीटरच्या वळणावर निघतं. म्हणजे परळीच्या औष्णिक केंद्राकडं कोळसा नेणारी मालगाडी त्याच आठ बाय चारच्या प्लायवर एचओमध्ये बिनघोर फिरते. वळसाच नको असेल तर भिंतीला फूटभर रुंदीची फळी ठोका आणि तीन सायडिंगांचं (बाजूच्या रुळांचं) मालधक्क्याचं यार्ड करा. पाच-आठ वाघिणी, एक इंजिन, आणि कोणती वाघीण कुठल्या सायडिंगला लावायची याचं कोडं. तास कसा जातो कळत नाही. खोली तीच, स्केल तोच. एक्स्प्रेसऐवजी मालगाडी धरली म्हणून जमलं.

मीटरगेज आणि बार्शी लाइट: आपल्या हाती आलेली संधी

हा भाग मी मनापासून लिहितोय, कारण याबद्दल आपल्या भागात कुणी बोलताना ऐकलं नाही.

निजामाच्या काळात, १९००च्या सुमाराला, गोदावरी खोऱ्याची रेल्वे हैदराबादेकडून मनमाडपर्यंत आली ती मीटरगेज होती. नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबाद, सगळी स्टेशनं तिच्यावरची. पूर्णेहून हिंगोलीमार्गे अकोल्याला जाणारा फाटाही मीटरगेज. नव्वदच्या दशकात युनिगेजचं, म्हणजे सगळीकडे एकच गेज करायचं, काम सुरू झालं आणि मुख्य मार्ग ब्रॉडगेज झाला. अकोल्याची बाजू २००८च्या सुमाराला बदलली. मीटरगेजवर प्रवासी गाड्यांना वायपी इंजिनं आणि मालगाड्यांना वायजी इंजिनं असायची. वायपीची शिट्टी आमच्या क्वार्टरात घड्याळाचं काम करायची.

आता हजाराला ८७ नं भागा. साडेअकरा. एचओ-एम नावाचा १२ मिलिमीटरचा रूळ बाजारात तयार मिळतो. अर्ध्या मिलिमीटरचा फरक. हा रूळ मिळतो कारण स्वित्झर्लंडची ऱ्हेटियन रेल्वे अगदी एक मीटर गेजची आहे आणि तिचे चाहते जगभर आहेत. त्यांच्यासाठी बनवलेले चाकांचे संच, बोगी (डब्याखालचे चाकांचे गाडे), मोटारीचे सांगाडे आपल्या वायपीच्या किंवा मीटरगेज डब्यांच्या खाली घेता येतात. वरचा सांगाडा मात्र स्वतः करावा लागतो.

त्याहून सुंदर जुळणी जी स्केलमध्ये आहे. न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीनं १९६८ साली एलजीबी नावानं अंगणातली रेल्वे आणली. रूळ ४५ मिलिमीटर, प्रमाण १:२२.५. गुणाकार करा: १०१२. हे प्रमाण त्यांनी मीटरगेजसाठीच धरलं होतं. म्हणजे जगात अंगणात टाकतात तो सगळ्यात प्रसिद्ध रूळ हा आपल्या पूर्णा-परभणीच्या जुन्या रुळाची जवळजवळ अचूक प्रतिकृती आहे. ज्याचं शेतात घर आहे, ओट्यापुढं मोकळी जागा आहे, त्यानं जी स्केल खेळण्यांत मोडून सोडून देऊ नये. फक्त पितळी रूळ उन्हात वाढतो. जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यात रुळाचं तापमान पन्नास अंशांनी बदललं, तर दहा मीटर पितळ साधारण ९ मिलिमीटर लांबतं. जोड सैल ठेवावे लागतात, नाहीतर रूळ सापासारखा वळतो.

आणि बार्शी लाइट. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी ही अडीच फुटी रेल्वे सुरू केली. येडशीवरून ती १९११ साली लातूरला पोचली. हलके रूळ, चाकांच्या आसावर थोडंच वजन, पण डबे मोठे आणि बोगीवर बसवलेले. कमी खर्चात गावं जोडायची कॅलथ्रॉपची ती कल्पना होती. पुढं इंग्लंडमध्ये त्यानं लीक आणि मॅनिफोल्ड नावाची नॅरोगेज रेल्वे बांधली, ती बार्शीच्या अनुभवावर. आपल्या बालाघाटाच्या कडेनं जाणारी ही बारकी गाडी जगभरच्या नॅरोगेज अभ्यासकांना ठाऊक आहे. लातूरच्या बाजूचा मार्ग २००७-०८ मध्ये ब्रॉडगेज झाला.

७६२ भागिले ८७ म्हणजे पावणेनऊ. एनचा नऊ मिलिमीटरचा रूळ तिथं सहज बसतो. म्हणजे गाडी, माणसं, झाडं एचओची, रूळ एनचा. या जोडीला एचओ-ई म्हणतात. ऑस्ट्रियात ७६० मिलिमीटरच्या कितीतरी रेल्वे आहेत, आपल्यापेक्षा दोनच मिलिमीटरनं कमी, त्यामुळे या मापाची तयार इंजिनं आणि चाकं मिळतात. ज्यांना मोठं आणि हाताळायला भक्कम हवं त्यांच्यासाठी दुसरी वाट: १:४८ प्रमाण, रूळ एचओचा १६.५. त्याचं नावच ऑन-३०, तीस इंचांच्या गेजवरून. तीस इंच म्हणजे अडीच फूट, म्हणजे बार्शी.

शिवाय वळण. भारतीय रेल्वेत अडीच फुटी मार्गावर चाळीस अंशांपर्यंतचं वळण चालतं, त्रिज्या ४४ मीटर. भागिले ८७: अर्धा मीटर. ब्रॉडगेजला खऱ्यासारखं वळण द्यायला चार मीटर खोली लागत होती. अडीच फुटी रेल्वेचं खरंखुरं वळण एका पलंगावर मावतं, आणि तेही काही न लपवता, काही न छाटता.

डोळे, धूळ आणि वीज

एनच्या मानानं एचओ इंजिन लांबीला दुपटीहून थोडं कमी, पण घनफळ सहापटीच्या वर. हा फरक फक्त दिसण्याचा नाही. वजनदार इंजिन रुळाला घट्ट टेकतं आणि वीज नीट उचलते. हलक्या इंजिनाला रुळावरचा धुळीचा पातळ थरही नडतो. आपल्याकडे मार्चपासून काळ्या मातीची भुकटी खिडकीच्या फटीतून येते, वरून पंखा. एन आणि झेड चालवायचे असतील तर रूळ रोज पुसायची तयारी हवी. मऊ कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. खरखरीत कागदानं घासू नका, ओरखड्यांत मळ जास्त बसतो. काम झालं की वर जुनं धोतर किंवा साडी पांघरावी. मी अजून हेच करतो.

पत्र्याच्या खोलीत मांडणी ठेवू नये. प्लायवूड फुगतं-आकसतं, प्लास्टिक मऊ पडतं, तीन मीटर रूळ घरातल्या घरातही हिवाळा ते उन्हाळा दीड मिलिमीटरनं बदलतो. थोड्या थोड्या अंतरावर कागदाच्या जाडीएवढी फट सोडली की पुरतं.

वय झालेल्यांनी चष्म्याचा नंबर लक्षात घ्यावा. एनचा घसरलेला डबा रुळावर बसवायला बारीक नजर आणि स्थिर हात लागतो. घरात सात-आठ वर्षांचं लेकरू असेल तर एचओच्या खाली जाऊ नका. लेकराला हात लावता आला पाहिजे.

विजेची भीती बाळगू नका. एचओ, ओओ, एन साधारण १२ व्होल्ट डीसीवर चालतात, झेड त्याहून कमी, जी थोडं जास्त. डिजिटल नियंत्रणात प्रत्येक इंजिनात एक लहान डीकोडर बसतो आणि एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात. एचओमध्ये डीकोडर आणि भोंग्याचा स्पीकर बसवायला जागा असते, एनमध्ये कसरत होते.

पैशांबद्दल एकच गैरसमज काढतो. लहान स्केल स्वस्त नसतो. एनचं चांगलं इंजिन एचओच्या चांगल्या इंजिनाच्या आसपासच पडतं, झेड त्याहून महाग. शिवाय एनमध्ये जागा उरते म्हणून माणूस जास्त डबे घेतो. मी तर म्हणेन, पहिल्या वर्षी एक इंजिन, चार डबे, आणि रूळ मात्र चांगला. हलक्या रुळावर भारी इंजिन रडतं.

खडू आणि सुतळी

पैसे खर्च करण्याआधी एक संध्याकाळ काढा. फरशीवर किंवा ओसरीत खिळ्याला सुतळी बांधून खडूनं वळण काढा. आधी ८१ सेंटिमीटरचं, मग ५६ चं, मग ४४ चं. पुठ्ठ्याचे डबे कापा. एलएचबीसाठी २७ सेंटिमीटर लांब, ३.७ रुंद, ४.६ उंच. एनसाठी साडेचौदा लांब, दोन रुंद, अडीच उंच. ते वळणावर ठेवा आणि जमिनीला डोळा लावून बघा. दरवाजा उघडतोय का, दिवाण सरकवता येतो का, भिंतीपासून पलीकडच्या कडेपर्यंत हात पोचतो का. हात दोन-अडीच फुटांपलीकडं नीट पोचत नाही, आणि गाडी नेमकी तिथंच घसरते. जमलं तर पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशींनी उभं केलेलं लघुरेल्वे संग्रहालय बघून या. चालती मांडणी समोर बघितल्यावर आकाराचा अंदाज जसा येतो, तसा पुठ्ठ्यावरून येत नाही.

भाच्यानं हे सगळं केलं. त्याची खोली दहा बाय बारा, त्यात पलंग आणि कपाट. एक्स्प्रेसच्या हट्टानं त्यानं आधी एनची वर्तुळं काढली आणि फोटो पाठवले. मी काही बोललो नाही. दोन दिवसांनी त्याच्या आजीनं, म्हणजे माझ्या आईनं, त्याला फोनवर सांगितलं की ती लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी लातूरला आली ती बार्शीच्या बारक्या गाडीतून, आणि येडशीजवळच्या चढावर गाडी इतकी हळू झाली की पोरं उतरून बोरं वेचून परत चढली.

रात्री साडेदहाला त्याचा फोन. "मामा, ४४ मीटर भागिले ८७ म्हणजे पन्नास सेंटिमीटरच ना? पलंगाशेजारी बसायलंय. बरोबर बसायलंय."

१:८७ चं प्रमाण, नऊ मिलिमीटरचा रूळ असं ठरलं. ऑस्ट्रियन मापाचा एक चालता सांगाडा शोधायचाय, वरचं इंजिन प्लास्टिकच्या पातळ शीटमधून कापायचंय. पण त्याआधी येडशीचं जुनं स्टेशन. दाराला कोणता रंग होता, हे विचारायला तो या रविवारी आजीकडं परभणीला येतोय.